दोन पंचांगांचे घर

घरात लहान मूल आले की भिंतीवरचे पंचांग खाली उतरते. मोठ्यांना सण तारखेने कळतो, सुटीने कळतो, फार तर बाजारातल्या गर्दीने कळतो. मुलाला तारीख नसते. आमचा नातू चार वर्षांचा होईपर्यंत ‘काल’ या एका शब्दात आपला सगळा भूतकाळ साठवीत असे. ‘काल आपण किल्ला केला,’ असे तो ऐन फाल्गुनात सांगे, तेव्हा दिवाळीतला तो मातीचा किल्ला मोडून चार महिने झालेले असत. वर्ष नावाची वस्तू त्याच्या हाती आली ती महिन्यांच्या नावांतून नव्हे. कडुलिंबाच्या पानानंतर आंब्याची डाळ येते, मोदकांनंतर केव्हातरी चकल्यांचा वास सुटतो, तिळाचे लाडू संपले की होळीची वाट पाहायला हरकत नाही, असे एक खाद्यपंचांग त्याने प्रथम मनाशी जुळवले. पुढे शाळेने त्यावर जानेवारी-फेब्रुवारीची अक्षरे डकवली. मूळ लेखन मात्र जिभेवर झालेले होते.

चाळीस वर्षे मी व्रतकथा वाचत आणि शिकवत आले. सणांचा इतिहास कसा पाहावा हे आम्हांला ऋग्वेदींच्या ग्रंथाने शिकवले. महादेवशास्त्री जोशी यांच्या संस्कृतिकोशाने तर टेबलावरून उठूच दिले नाही. या अभ्यासातून एक गृहीत मनात पक्के झाले होते, की परंपरा वडीलधाऱ्यांकडून मुलांकडे येते. घरात दोन नातवंडे वाढू लागली तेव्हा या गृहीताची उलटी बाजू दिसू लागली. वडीलधारी माणसे सणांच्या बाबतीत फार सैल असतात. त्यांना कंटाळा येतो, त्यांना शंका असतात, त्यांना कामे असतात. परंपरेचा खरा कडवा रखवालदार म्हणजे पाच वर्षांचे मूल. ‘मागच्या वेळी असंच होतं’ या त्याच्या वाक्यापुढे कोणत्याही धर्मशास्त्राचे काही चालत नाही.

२०२० सालचा गुढीपाडवा २५ मार्चला आला. आदल्या रात्री आठ वाजता देशभराची टाळेबंदी जाहीर झाली होती आणि तिचा पहिला दिवस तोच होता. कळकाची काठी होती, पण ती तळघराच्या कुलुपात. साखरेची गाठी बाजारात होती की नव्हती हे पाहायला बाजारच नव्हता. कडुलिंब तेवढा फाटकाशी उभा असल्यामुळे मिळाला. पडद्याची दांडी काढून तिला माझे जुने पैठणी पातळ बांधले, वर तांब्या पालथा घातला आणि गाठीच्या जागी सुनेने मधे भोक असलेल्या बिस्किटांची माळ ओवली. अडचणीतून काढलेली ती वाट होती. पुढच्या वर्षी काठी आली, गाठीही आली. गुढी उभी राहिली आणि नातवाने विचारले, ‘बिस्किटांची माळ कुठंय?’ आज आमच्या गुढीला गाठी असते आणि तिच्या शेजारी बिस्किटांची माळ असते. धाकटीला ती माळ गुढीइतकीच जुनी वाटते. शंभर वर्षांनी एखाद्या संशोधकाला पुण्यातील एका कुळाचा हा विशेष कुळाचार म्हणून नोंदवावा लागला, तर त्याने त्याची उपपत्ती कोणत्या कृषिविधीशी जोडावी याचा विचार करताना मला हसू येते. आणि आपण स्वतः लिहिलेल्या काही उपपत्तींकडेही जरा बिचकून पाहावेसे वाटते.

आमच्या घरी पंचांगे दोन आहेत हे आता सांगायला हवे. माझे बालपण वर्ध्याचे, संसार पुण्याचा, सून कोलकात्याची. आमचे महिने चंद्राबरोबर चालतात, तिचे सूर्याबरोबर. त्यामुळे मुलांना नवी वर्षेच दोन मिळतात: चैत्रातला पाडवा आणि एप्रिलच्या मध्यावर येणारा पयला बैशाख. मुले आईला ‘मा’ म्हणतात, मला ‘आजी’, आणि कोलकात्याच्या आजीला ‘दिदा’. दोन भाषा त्यांच्या तोंडी एकमेकींना धक्का न लावता नांदतात. सणांच्या बाबतीत मात्र धक्के लागतात, आणि ते सोडवायचे काम मोठ्यांपेक्षा मुलांनीच अधिक केले आहे.

यांतला सर्वांत मोठा पेच बोरांचा. आपल्याकडे संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत लहान मुलाचे बोरन्हाण करतात. काळे झबले, हलव्याचे दागिने, आणि पाटावर बसवून डोक्यावरून बोरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे, हलवा यांची बरसात. भोवतालची पोरे तो खाऊ वेचतात आणि जिचे न्हाण असते तीही बसल्याजागी एखादे बोर तोंडात टाकते. २०२२ च्या संक्रांतीला नात सव्वादोन वर्षांची होती. बोलावलेली पोरे, साथीमुळे, चारच. बोरे घरंगळली, नातवाने पहिले बोर उचलले आणि सुनेचा हात नकळत पुढे झाला. ती काही बोलली नाही. मीच विचारले तेव्हा म्हणाली, ‘आई, आमच्याकडे सरस्वतीपूजेच्या आधी मुलं बोरं खात नाहीत. खाल्ली तर विद्या येत नाही म्हणतात. मला माहीत आहे हे खरं नाही. पण हात गेला.’

सरस्वतीपूजा म्हणजे माघातली वसंत पंचमी. त्या वर्षी ती ५ फेब्रुवारीला होती, म्हणजे अजून तीन आठवडे. बंगालमध्ये शाळकरी मुलांना हा निषेध ठाऊक असतो. बोर प्रथम देवीला दाखवायचे आणि मग खायचे. आणि आपली सरस्वती तर दसऱ्याला पाटीवर येऊन गेलेली असते, तिचा बोरांशी काही संबंध नाही. एका घरात विधी आणि त्याचा निषेध एकाच फळावर येऊन बसले. मीमांसकांनी असल्या प्रसंगांसाठी ग्रंथच्या ग्रंथ लिहिले आहेत. मी त्यांतले काही आठवू पाहत होते, तोच पावणेसहा वर्षांचा नातू हातातले बोर न खाता विचार करून म्हणाला, ‘हिला कुठं लिहिता येतं? हिला चालेल. मी शाळेत जातो, मी पंचमीला खाईन.’ आणि त्याने आपल्या वाटची बोरे मोजून डब्यात ठेवली. सतरा होती. अधिकारभेदाने विरोध मिटवणे याला म्हणतात. शास्त्रीबुवांनी यापेक्षा वेगळे काय केले असते?

तीन आठवड्यांनी ती बोरे सुकली होती. पण ती देवीपुढे ठेवून त्याने खाल्ली. २०२३ साली वसंत पंचमी २६ जानेवारीला आली तेव्हा धाकटीची ‘हातेखडी’ झाली, म्हणजे बंगाली रीतीने तिच्या हातात खडू देऊन पहिले अक्षर गिरवून घेतले. पाटीच्या डाव्या अंगाला दिदाच्या फोनवरच्या देखरेखीखाली बंगाली ‘अ’ काढला, उजव्या अंगाला मी ‘श्री’ काढला. तो पुसायच्या आधी नातवाने तिला बजावले, ‘आता पुढच्या संक्रांतीपासून तुलाही बोरं नाहीत.’ ती रडली. नियम लागू होणे म्हणजे मोठे होणे, हे ज्ञान तिला अक्षराबरोबरच मिळाले.

गणपती आणि दिवाळी यांच्याविषयी इतके लिहून झाले आहे की मी त्यांना हात लावत नाही. कोजागिरीची एकच गोष्ट. आपल्याकडे त्या रात्री ज्येष्ठ अपत्याला ओवाळतात. ‘मी कधी ज्येष्ठ होणार?’ हा धाकटीचा प्रश्न न्याय्य होता आणि त्याला उत्तर नव्हते. ते बंगालने दिले. त्याच पौर्णिमेला तिकडे घरोघरी लक्ष्मीपूजा असते आणि उंबऱ्यापासून तांदळाच्या पिठीने लक्ष्मीची पावले काढतात. ती पावले काढायचा मान धाकटीचा ठरला. आता थोरला आपल्याला पावले काढायला मिळत नाहीत म्हणून कुरकुरतो, तेव्हा समता पूर्ण झाली म्हणायची.

संक्रांतीचे हळदीकुंकू मात्र इतक्या सहज सुटणारे नव्हते. त्यात माझाही एक धागा गुंतलेला होता. लग्न झाल्यावर, १९८५ च्या सुमारास, मी हळदीकुंकवाला जाणे बंद केले. बायकांची गाणी अभ्यासत होते. त्या गाण्यांत सवाष्णपणाचा जो थाट आहे त्याच्या मागच्या अंधारात कोण उभी आहे हे रोज दिसत होते. माझी आत्या तशी उभी असे, स्वयंपाकघराच्या दाराआड, वाटल्या डाळीच्या वाट्या भरून देत. त्या वाट्यांत डाळ तिने वाटलेली असे आणि बाहेर येऊन ती कुणाला द्यायची तिला मुभा नव्हती. म्हणून मी बोलावणी नाकारीत राहिले, बत्तीस वर्षे. २०१७ साली माझे यजमान गेले. त्यानंतरच्या संक्रांतीला बोलावणे आलेच नाही. ज्यांना मी दरवर्षी नम्रपणे ‘नाही’ कळवीत असे त्या शेजारणींनी कुठलाही दुष्टावा मनात न ठेवता, नियमाप्रमाणे, मला वगळले. नाकारणे आणि नाकारले जाणे यांतले अंतर माझ्या प्रबंधात नव्हते. ते त्या जानेवारीत समजले.

सुनेला हळदीकुंकवाची हौस आहे. विजयादशमीला एकमेकींना शेंदूर माखण्याच्या तिच्या माहेरच्या खेळाची तिला यात ओळख पटते. तिने कधी मला डावलून काही केले नाही, पण तिचे हळदीकुंकू असेल त्या संध्याकाळी मी वाचनालयात काम काढीत असे. २०२४ साली मात्र ते जमले नाही. धाकटीने पंचपाळे हातात धरले होते आणि ‘आजी बसल्याशिवाय मी सुरू करणार नाही’ असे जाहीर केले होते. मी बसले. माझ्या शेजारी तळमजल्यावरच्या ऐंशी वर्षांच्या बाई होत्या. सुनेने त्यांनाही बोलावले होते आणि त्या ‘नुसत्या तिळगुळाला’ म्हणून आल्या होत्या. नातीने एका टोकापासून आरंभ केला. अनामिकेने हळद, मग कुंकू, मग पुढची. आपल्यापर्यंत येऊन ती थांबेल असे दोघींनाही वाटले असावे. ती थांबली नाही. तिला कुणी रांगेतले माणूस वगळायला शिकवलेच नव्हते. बाई म्हणाल्या, ‘मला नको गं बाळ.’ ती म्हणाली, ‘मग रांग मोडते.’

खोलीत शांतता पसरली. कुणीतरी अत्तरदाणी उगाच पुसली. बाईंनी माझ्याकडे पाहिले. माझ्या कपाळावर तोपर्यंत ते लागलेले होते. जे मी सवाष्ण असताना तत्त्व म्हणून घेतले नव्हते ते. बाईंनी डोळे मिटून कपाळ पुढे केले. पुढे चहा झाला, वाण म्हणून स्टीलच्या गाळण्या वाटल्या गेल्या, आणि बोलणे पाण्याच्या टँकरकडे वळले. २०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि शासनाने तो इतर गावांसमोर ठेवला, ही घटना मी माझ्या व्याख्यानांत आदराने सांगत असते. आमच्या घरी ठराव झाला नाही. बाईंनी जाताना जिन्यात पदराने कपाळ पुसले, हेही मी पाहिले. पुढल्या वर्षी त्या पुन्हा आल्या आणि रांगेतच बसल्या. त्यावर मी अधिक काही म्हणणार नाही. मुले समाजसुधारक असतात असे मानण्याचे कारण नाही. याच नातीने त्याच संध्याकाळी शेजारच्या मुलाला, तो मुलगा आहे म्हणून, पंचपाळ्याला हात लावू दिला नव्हता.

श्रावणाकडे मी मुद्दाम शेवटी येते आहे. वर्षातले बाकीचे सण मुलांना आनंद देतात. श्रावणातला शुक्रवार हा मुलांसाठी आहे, आणि तो आनंदातून निघालेला नाही, भीतीतून निघालेला आहे. श्रावण लागला की देवघराच्या भिंतीवर जिवतीचा कागद लावतात. त्यावर नरसिंह असतो, कालियामर्दन करणारा कृष्ण असतो, हत्तीवर आणि वाघावर बसलेले बुध-बृहस्पती असतात, आणि मधे मुलांना अंगाखांद्यावर घेतलेल्या जरा-जिवंतिका. आघाडा-दुर्वांची माळ, दूधसाखरेचा आणि चण्या-गुळाचा नैवेद्य, पुरणाचे दिवे, आणि त्या दिव्यांनी आईने मुलांना ओवाळायचे. यातली जरा ही महाभारतातली राक्षसी. दोन शकले होऊन जन्मलेल्या जरासंधाला तिने सांधले. भिंतीवर माझे मुलांसह चित्र काढील त्याच्या घरी वाढ होईल, असे ती सभापर्वात राजाला सांगते. बाळे खाणाऱ्या बाईलाच बाळे राखायला बसवावे, ही युक्ती कुणा घाबरलेल्या आईचीच असली पाहिजे. बंगालची षष्ठी आणि आपली सटवाई याच कुळातल्या. मूल ठेचकाळले की सून ‘षाट षाट’ म्हणते ते त्या षष्ठीला उद्देशून. माझ्या आजीची बाळंतपणे अकरा झाली आणि मुले पाच जगली. १९७१ साली देखील भारतात जन्मणाऱ्या दर हजार बाळांपैकी १२९ वर्षाच्या आत जात. २०२० साली हा आकडा २८ वर आला. जिवतीचा कागद आज पाच-दहा रुपयांना मिळतो आणि पुष्कळ घरांत तो शोभेसारखा लावला जातो, याचे मला वाईट वाटत नाही. ज्या भीतीने तो भिंतीवर चढला ती थोडी तरी ओसरली, याची ती खूण आहे.

२०२३ साली श्रावण अधिक आला. दिनदर्शिकेत श्रावण दिसतो, शुक्रवार दिसतो आणि तरी कागद नाही, यावर नातवाने एक महिनाभर वाद घातला. अधिक आणि निज यांतला फरक समजावताना चंद्रसूर्याचे गणित मांडावे लागले, आणि त्या गणिताची त्याला गोडी लागली. निज श्रावणातला पहिला शुक्रवार आला तेव्हा त्याने आणखी एक कलम काढले. मुले दूरगावी असतील तर त्यांच्यासाठी चारी दिशांना अक्षता टाकण्याची रीत आहे. माझी मुलगी टोरांटोला असते. तिच्यासाठी मी दरवर्षी चारी दिशांना टाकते आणि पश्चिमेला दोन दाणे जास्त. नातू म्हणाला, ‘अगं आजी, आत्या नक्की कुठल्या दिशेला आहे?’ मी पश्चिमेचे बोट दाखवले. तो पृथ्वीचा गोल घेऊन आला, पुण्यावर दोरा धरला, टोरांटोवर ताणला. दोरा पश्चिमेला गेलाच नाही. तो उत्तरेकडे, किंचित पश्चिमेला झुकून, ध्रुवाजवळून पलीकडे उतरला. मग होकायंत्र आणून खडूने स्वयंपाकघराच्या फरशीवर त्याने बाण काढला. तो बाण गॅसच्या सिलिंडरकडे जात होता. तेव्हापासून माझ्या मुलीच्या वाटच्या अक्षता सिलिंडरमागे पडतात आणि दर शनिवारी केरात सापडतात.

ओवाळून झाले की कहाणी. शुक्रवारची कहाणी तशी कठोर आहे. राजाला मूल नाही. सुईण एका गरीब ब्राह्मणीचे बाळ जन्मताच उचलते, राणीच्या कुशीत नेऊन ठेवते, आणि खऱ्या आईजवळ वरवंटा ठेवून तुला हाच झाला म्हणून सांगते. आई तेव्हापासून जिवतीचे व्रत धरते. माझे बाळ असेल तिथे सुखरूप असो, म्हणून ती अक्षता उडवते, आणि त्या राजवाड्यातल्या मुलाच्या डोक्यावर जाऊन पडतात. मी ही कहाणी वर्गात पुष्कळ वर्षे शिकवली. चोरलेले मातृत्व, जात, सत्ता, पुढे मुलगा वाढल्यावर गायवासराच्या बोलण्यातून उलगडणारे भयंकर सत्य, यांवर चर्चा होत. विद्यार्थ्यांना प्रश्न पडत ते आईविषयी, राणीविषयी, सुईणीविषयी. धाकटी ऐकून झाल्यावर बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘आणि वरवंट्याचं काय झालं?’

कहाणीत ते सांगितलेले नाही. त्या कहाणीवर लिहिणाऱ्या कुणी हा प्रश्न विचारलेला माझ्या वाचनात नाही. बारशाला आपण बाळाच्या आधी वरवंट्याला टोपडे घालतो, त्याला गोप्या म्हणतो, पाळण्याखालून आणि वरून देतो-घेतो आणि मग बाजूला ठेवून देतो, एवढे मला आठवले. ते मी तिला सांगितले. ‘मग त्याला कोण ओवाळतं?’ तिने विचारले. पुरण वाटून झाल्यावर पाटा-वरवंटा धुऊन ओट्याखाली उभा करून ठेवला होता. अजून ओला होता. तिने ताम्हनातल्या चिमूटभर अक्षता घेतल्या, ओट्याखाली वाकली आणि त्यांतला एकही दाणा खाली न सांडता त्या वरवंट्याच्या माथ्यावर ठेवल्या. सून पुरणपोळ्या लाटत होती. तिने पाय जरासा मागे घेतला, तिला वाट दिली आणि पुढची पोळी तव्यावर टाकली.